पहिल्या वकिली कामाचा पगार कसा ठरवावा : बेळगाव सीमाभागातल्या लॉच्या विद्यार्थ्यांसाठी

लॉच्या शेवटच्या वर्षाची मुलं ऑफिस शोधायला लागली की पगाराचा विषय सगळ्यात शेवटी काढतात, नाहीतर काढतच नाहीत. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून आलेल्या मुलाला घरूनच बजावलेलं असतं, "मोठ्या वकिलांकडं शिकायला मिळतंय, पैशाचं काय काढू नको." मग चार-सहा महिने फाइली वाहून झाल्यावर उलगडा होतो. ऑफिसला वाटत होतं पोरगं शिकायला आलंय, आणि पोराला वाटत होतं आपण कामाला लागलोय. भीड भिकेची बहीण म्हणतात ती ही.

वकील मंडळी दिवसभर दुसऱ्यांच्या पैशासाठी भांडतात. स्वतःच्या ऑफिसात कुणी आकडा विचारला म्हणून त्यांना राग येतो, हा समज काढून टाका. राग येतो तो मोघम बोलण्याचा, आणि काम कळायच्या आधी आकडा सांगण्याचा. तेव्हा क्रमाने जाऊ.

पायरी पहिली : कोण म्हणून जाताय ते ठरवा

पगाराचं निम्मं बोलणं इथेच ठरतं, म्हणून इथे जरा थांबा.

इंटर्न म्हणून जात असाल तर तो अभ्यासक्रमाचा भाग आहे. वकिलीचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या एलएलबीला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे इंटर्नशिप लागते. इथे पैशावरून ताणू नका. सर्टिफिकेट कधी मिळणार आणि जाण्यायेण्याचा खर्च मिळणार का, एवढंच विचारा. उलट इंटर्नशिपसाठी तुमच्याकडेच कुणी फी मागत असेल तर तिथून उठा. मात्र ठरलेले आठवडे संपल्यावर "येत राहा की रोज" असं म्हटलं गेलं, की त्या दिवसापासून ते काम आहे, आणि कामाचं बोलणं वेगळं होतं.

दुसरा प्रकार शिकत असतानाच अर्धवेळ काम करण्याचा. सनद म्हणजे वकिलीचा परवाना नसताना तुम्ही वकालतनाम्यावर सही करू शकत नाही, कोर्टात उभं राहून युक्तिवाद करू शकत नाही. मग ऑफिस पैसे कशाचे देणार? टायपिंग, मसुदे, कागदपत्रांचा शोध, सब-रजिस्ट्रारकडच्या फेऱ्या, ई-कोर्टवर तारखा बघून डायरी लावणं, जुने निवाडे काढणं, या कामांचे. त्यांचाच भाव करायचा. इथे एक काळजी घ्या. नियमाने ७० टक्के हजेरी लागते, आणि बार कौन्सिलच्या सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकानंतर नोकरीबद्दलची माहिती कॉलेजला लिहून द्यावी लागते. पूर्ण वेळची पगारी नोकरी लपवून करायचा विचार असेल तर सोडून द्या. गुणपत्रिका अडकली तर त्या पगाराला काही अर्थ राहत नाही.

तिसरा प्रकार सनद मिळाल्यावर सीनियरकडे ज्युनिअर म्हणून राहण्याचा. चौथा, कंपनी, बँक, साखर कारखाना किंवा क्रेडिट सोसायटीत कायदा अधिकारी म्हणून पगारावर जाण्याचा. या दोन्हींत मोठा फरक आहे, आणि तो ऑफर आलेल्या संध्याकाळी कुणी सांगत नाही. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. नोकरी धरली की तसं बार कौन्सिलला कळवून प्रॅक्टिस थांबवावी लागते. आता यात भर पडली आहे ती सुप्रीम कोर्टाच्या २० मे २०२५ च्या निकालाची. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला पुन्हा किमान तीन वर्षांची प्रॅक्टिस लागणार, ती प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरत्या नोंदणीपासून मोजली जाणार, आणि तिचा दाखला किमान दहा वर्षं प्रॅक्टिस केलेल्या वकिलाकडून घेऊन न्यायिक अधिकाऱ्याची त्यावर मान्यता घ्यावी लागणार. म्हणजे जज्ज व्हायचं मनात असेल तर कंपनीतली दोन वर्षं त्या हिशेबात धरली जाणार नाहीत, आणि सीनियरकडची कमी पगाराची दोन वर्षं धरली जातील. हा फरक रुपयात मांडता येत नाही. पण तो डोक्यात ठेवल्याशिवाय दोन ऑफरची तुलना करू नका.

पायरी दुसरी : खालची रेघ कागदावर काढा

"किती पाहिजे?" या प्रश्नाला "सर, तुम्ही द्याल ते" हे उत्तर बहुतेक मुलं देतात, कारण त्यांनी हिशेबच केलेला नसतो. एक कागद घ्या आणि महिन्याचा खर्च लिहा.

समजा तुम्ही निपाणीकडचे आहात आणि अनगोळात दोघांत खोली घेतली आहे. खोलीचा वाटा २,५००, मेस ३,२००, पेट्रोल किंवा बस ९००, फोन ३००, झेरॉक्स-पुस्तकं ६००, घरी जाण्यायेण्याचे ५००. झाले ८,०००. हे आकडे मी मांडणीपुरते घेतले आहेत, तुमचे तुम्ही घाला. घरून यातले काही येणार असतील तर वजा करा. उरेल ती खालची रेघ. त्याच्या खाली पडलात तर काम टिकत नाही. दोन महिन्यांनी तुम्ही स्वतःच दांड्या मारायला लागता.

प्रवासाचा हिशेब आपल्या भागात जरा निराळा आहे. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत महिलांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत आहे. खानापूर किंवा हुक्केरीहून रोज बेळगावला येणाऱ्या मुलीचा बसखर्च त्यामुळे शून्यावर येतो. पण ही सवलत कर्नाटकच्या रहिवाशांना आहे. महाराष्ट्रातल्या चंदगडहून येणाऱ्या मुलीला रोजचं तिकीट पडतं, आणि खानापूरच्या मुलाला तर पडतंच. तेव्हा मैत्रीण जेवढ्यात काम करते तेवढ्यात आपलंही भागेल असं धरू नका. मुलींनी आणखी एक गोष्ट आधीच काढावी. ऑफिस संध्याकाळी किती वाजेपर्यंत चालतं, आणि शेवटची गाडी चुकेल इतकं थांबावं लागलं तर रिक्षाचे पैसे कोण देणार?

पायरी तिसरी : चालू भाव कळून घ्या

भाव कळतो तो कोर्टाच्या आवारात. दोन-तीन वर्षं आधी पास झालेल्या ज्युनिअरांना गाठा, चहा पाजा. "किती मिळतंय?" असं थेट विचारलं तर कुणी खरं सांगत नाही, आणि सांगितलं तरी फुगवून सांगतं. त्यापेक्षा असं विचारा : नवीन माणसाला त्या ऑफिसात साधारण कितीपासून सुरुवात करतात? पैसे महिन्याच्या कितव्या तारखेला मिळतात? पहिली वाढ कधी झाली? मला विचाराल तर दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. दहा हजार कबूल करून तीन-तीन महिने लांबवणाऱ्या ऑफिसापेक्षा सात हजार एक तारखेला हातात ठेवणारं ऑफिस बरं.

आता बार कौन्सिलच्या आकड्याबद्दल. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढून ज्युनिअर वकिलांना शहरी भागात महिन्याला किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं असं सुचवलं. हा आकडा मुलांच्या तोंडी पाठ असतो. पण नीट समजून घ्या. ही शिफारस आहे, सक्ती नाही. शिवाय ती सनद मिळालेल्या ज्युनिअरसाठी आहे, विद्यार्थ्यासाठी नाही. आपल्याकडच्या जिल्हा आणि तालुका कोर्टांतलं वास्तव त्याच्या बरंच खाली आहे. "बार कौन्सिलचा नियम आहे सर" असं म्हणून बोलणी सुरू केलीत तर ती तिथेच संपतील. त्या परिपत्रकात पैशापेक्षा कामाची एक गोष्ट आहे ती म्हणजे ज्युनिअरला लेखी पत्र द्यावं, त्यात विद्यावेतन आणि मुदत लिहावी. ही मागणी कुणालाही झोंबत नाही, आणि ती पुढे उपयोगी पडते.

अनुसूचित जाती-जमाती आणि मागासवर्गीय कायदा पदवीधरांना वकिलीच्या प्रशिक्षणकाळात विद्यावेतन देण्याची योजना कर्नाटक सरकारच्या संबंधित खात्यांकडे आहे. अटी आणि रक्कम बदलत असतात, म्हणून जिल्हा कार्यालयात जाऊन चालू वर्षाची जाहिरात बघा. हे पैसे मिळणार असतील तर सीनियरला सांगायचे की नाही? सांगा. लपवलं तर कळतंच, कारण त्या अर्जावर बहुधा त्यांचीच सही लागते. पण सोबत हेही स्पष्ट करा की ते सरकारचे पैसे आहेत, ऑफिसच्या पगारातून वळते करायचे नाहीत.

पायरी चौथी : तुमच्याकडे काय आहे ते टेबलावर ठेवा

इथे सीमाभागातल्या मुलाची बाजू सगळ्यात भक्कम असते, आणि नेमकी हीच गोष्ट कुणी बोलून दाखवत नाही.

बेळगावच्या कुठल्याही चालत्या ऑफिसातली जमिनीची एक फाइल उघडा. खानापूर तालुक्यातला शेतकरी, घरची जमीन कर्नाटकात, बायकोच्या माहेरचा हिस्सा चंदगडात. कर्नाटकातली पहाणी, म्हणजे तिथला सातबारा, कन्नडमध्ये, तिकडचा सातबारा मराठीत. वारसाची वर्दी कन्नडमध्ये, आणि आजोबांच्या वेळचं वाटणीपत्र मराठीत, त्यातही मागचं एखादं पान मोडी लिपीत. कारण हा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि जुनं दप्तर तसंच राहिलं. बँकेला मात्र टायटलचा म्हणजे मालकीचा अहवाल इंग्रजीत पाहिजे. ऑफिसात ही फाइल तीन माणसांच्या हातून फिरते. कारकून कन्नड वाचतो, कुणीतरी मराठी समजावून सांगतो, आणि रात्री नऊ वाजता सीनियर स्वतः बसून सगळं इंग्रजीत जुळवतात. ते तास तुम्ही वाचवू शकत असाल तर तुमच्या पगाराचं कारण तिथे आहे.

हे तोंडी सांगून पटत नाही. दाखवा. स्वतःच्या घरची जमीन घ्या. कर्नाटकच्या जमीन-नोंदींच्या 'भूमी' साइटवरून पहाणी काढा, फेरफाराच्या नोंदी काढा, दस्त-नोंदणीच्या 'कावेरी' साइटवरून बोजा दाखला म्हणजे ईसी काढा. घरातला जुना खरेदीपत्राचा किंवा वाटणीपत्राचा कागद शोधा. मग एका पानावर तारखेच्या क्रमाने मांडा : मूळ मालक कोण, कोणत्या साली कशाने हस्तांतर झालं, वारस कोण लागले, कुणाचं नाव लागायचं राहिलं, बोजा आहे का, पहाणीतलं क्षेत्र आणि दस्तातलं क्षेत्र जुळतं का, चेकबंदी म्हणजे चतुःसीमा जुळते का. शेवटी दोन ओळीत कोणता कागद अजून पाहिजे ते लिहा. भाषा इंग्रजी ठेवा. हे एक पान दहा ओळींच्या बायोडेटापेक्षा जास्त बोलतं. घरच्यांची नावं आणि नंबर झाकून मग दाखवा. दुसऱ्याच्या कागदाशी कसं वागता हेही सीनियर त्यात बघतात.

आता कडू भाग. कन्नड बोलता येतं पण लिहिता येत नाही, अशी मराठी माध्यमातून आलेली पुष्कळ मुलं आहेत. इथल्या तालुका कोर्टात कन्नडशिवाय पान हलत नाही. दावा, कैफियत, साक्षी, बहुतेक त्यातच. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्याचं जे व्हायचं ते होईल, पण उद्या सकाळी तुमच्या टेबलावर येणारी पहाणी कन्नडच असणार आहे. नुडी या सॉफ्टवेअरवर कन्नड टायपिंग शिकायला एक सुट्टी पुरते. ते येत असेल तर आकडा वाढवून मागा. येत नसेल तर "तीन महिन्यांत करून दाखवतो" असं म्हणून त्या तारखेला वाढ मागा.

मोडी वाचता येत असेल तर तो स्वतंत्र विषय आहे. त्याचे पगारात पैसे धरू नका, कागदामागे वेगळे मागा. हे काम रोज येत नाही. पण येतं तेव्हा ते करणारा माणूस सापडत नाही.

आणखी एक गोष्ट इतक्यात बदलली आहे. धारवाडला कर्नाटक हायकोर्टाचं खंडपीठ २००८ पासून सुरू झालं आणि २०१३ ला कायम झालं. त्यामुळे अपिलांसाठी बेळगावचे वकील धारवाडला जातातच. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला बसू लागलं. चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याच्या पक्षकारांची हायकोर्टाची कामं आता मुंबईऐवजी कोल्हापूरला जातात, आणि या पक्षकारांतले कितीतरी जण आधीपासून बेळगावच्या वकिलांशी बांधलेले आहेत. दोन्हीकडे फाइल घेऊन जाणारा, दोन्हीकडची भाषा कळणारा ज्युनिअर ऑफिसला पाहिजेच आहे. बोलताना हे एका वाक्यात सांगा, भाषण करू नका.

पायरी पाचवी : प्रत्यक्ष बोलणं

वेळ निवडा. सकाळी कोर्टाला निघायच्या गडबडीत नको, व्हरांड्यात पक्षकारांसमोर तर नकोच. संध्याकाळी ऑफिसातली गर्दी पांगली की, आणि तेही पहिल्या भेटीत नाही. दोन-तीन दिवस बसून काम बघा, मग म्हणा, "सर, उद्या दहा मिनिटं वेळ पाहिजे होता, माझ्या कामाबद्दल बोलायचं होतं." कशाबद्दल आहे ते त्यांना कळतं.

बोलणं साधारण असं होतं :

"बोल, काय म्हणतोस?"

"सर, मी रोज दोन ते आठ येऊ शकतो. टायटल सर्च, ईसी काढणं, कन्नड टायपिंग आणि डायरी ही कामं मी अंगावर घेतो. महिन्याला नऊ हजार द्यावेत अशी माझी विनंती आहे."

"नऊ? अरे, आम्ही ज्युनिअर होतो तेव्हा आम्हाला चहासुद्धा स्वतःच्या पैशानं प्यावा लागायचा."

इथे बहुतेकजण हसून मान डोलावतात आणि विषय मिटतो. तुम्ही वाद घालू नका, पण आकडा सोडूही नका. "खरं आहे सर, तुम्ही फार काढलंय. खोली, मेस, प्रवास धरून माझे आठ हजार होतात, त्याच्या खाली मला रोज येणं जमणार नाही." एवढं म्हणून गप्प बसा. ही शांतता अवघड जाते. ती भरून काढायला "पण सर सातही चालेल" असं तोंडातून निघतं, आणि तिथेच दोन हजार जातात.

"बरं, बघू पुढं."

"बघू" हे उत्तर घेऊन बाहेर पडू नका. "चालेल सर. मी महिनाभर काम करतो, या महिन्याचे आठ द्या, आणि पुढच्या एक तारखेला काम बघून ठरवू. एक तारखेला संध्याकाळी येऊ?" तारीख घ्या. तारीख दिल्याशिवाय वकील फाइल बाजूला ठेवत नाही, ही सवय तुमच्या कामी येऊ द्या.

आकडा एकच सांगा. "सात ते दहा" म्हटलं की समोरच्याला सातच ऐकू येतं. आणि खालच्या रेघेपेक्षा थोडा वर सांगा, म्हणजे उतरायला जागा राहते. दुप्पट सांगू नका. इथलं वर्तुळ लहान आहे, संध्याकाळपर्यंत ती गोष्ट कॅन्टीनला पोचते.

मामा किंवा गावचे कुणी ओळखीने घेऊन गेले असतील तर पैशाचं बोलणं त्यांच्यासमोर होऊ देऊ नका. ते तुमच्या वतीने "पैशाचं काय नाही हो वकीलसाब, पोराला शिकवा म्हणजे झालं" असं बोलून मोकळे होतात, आणि मग त्यांचा शब्द मोडणं अवघड जातं. आधीच सांगा, "मामा, ओळख तुम्ही करून द्या, बाकीचं मी बोलतो." ओळखीने गेलात म्हणून आकडा बोलायचा नाही असं काही नसतं. उलट ओळखीच्या माणसाला फसवणं ऑफिसलाही जड जातं.

पायरी सहावी : पैसे हलत नसतील तर

तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या प्रामाणिक सीनियरलाच महिन्याला फार उरत नाही. तिथे ताणून उपयोग नाही. अशा वेळी मी या क्रमाने मागायला सांगतो.

आधी वेळ. कायदा विद्यापीठाच्या परीक्षांच्या काळात पूर्ण सुट्टी, आणि ती पगार न कापता. मग नाव. सनद आल्यावर वकालतनाम्यावर सीनियरसोबत तुमचंही नाव. तीन वर्षांच्या प्रॅक्टिसचा दाखला मागायची वेळ येईल तेव्हा पुरावा म्हणून हीच कागदं उभी राहतील. त्यानंतर फाइलमागे पैसे. बँकेच्या टायटल अहवालासाठी तुम्ही सर्च केला तर प्रत्येक अहवालामागे ठरावीक रक्कम, कारण बँक ऑफिसला अहवालामागेच फी देते. धारवाड किंवा कोल्हापूरला पाठवलं तर भाडं आणि जेवण निघताना हातात, परत आल्यावर नाही. शेवटी, सनद आल्यानंतर स्वतःच्या गावाकडची लहान कामं ऑफिस सांभाळून घ्यायची मुभा.

ऑफिसची लायब्ररी किंवा ऑनलाइन निवाड्यांचं लॉगिन वापरायला मिळणं हाही फायदा आहे, पण तो पगाराच्या बदल्यात मोजू नका. ते लॉगिन तुम्ही त्यांच्याच कामासाठी वापरणार आहात.

पायरी सातवी : लेखी करा

करारनामा मागायची गरज नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पुरतो. बोलणं झालं त्याच रात्री पाठवा :

"नमस्कार सर. आज बोलल्याप्रमाणे मी येत्या सोमवारपासून दुपारी २ ते ८ ऑफिसला येईन. पहिल्या महिन्याला ८,००० आणि त्यानंतर १ तारखेला काम बघून ९,००० पर्यंत ठरवायचं आहे. परीक्षेच्या काळात सुट्टी असेल. काही राहिलं असेल तर कृपया सांगावं. धन्यवाद."

उत्तरात नुसतं "ओके" आलं तरी काम झालं. उत्तर आलंच नाही तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात सहज विचारा, "सर, मेसेज बघितलात का?" पैसे मिळतील ते शक्यतो फोनपे किंवा बँकेतून घ्या, म्हणजे तारीख आपोआप राहते.

पायरी आठवी : कंपनीची ऑफर असेल तर

पुणे, बेंगळुरू, किंवा बेळगावच्या उद्यमबागेतली एखादी फाउंड्री. इथे सीनियरच्या ऑफिसातली भीड नसते, पण कागद जास्त असतात. ऑफर लेटरवरचा वर्षाचा आकडा आणि हातात येणारे पैसे यांत फरक पडतो. वर्षाला ३ लाख म्हणजे महिन्याला २५,००० दिसतात. मूळ वेतन १२,५०० धरलं तर त्या २५,००० मधून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,५००, ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण ६००, आणि तुमच्या वाट्याचा पीएफ १,५०० वजा होतो. उरतात २१,४०० च्या आसपास. त्यात कामगिरीवर मिळणारा भाग धरलेला असेल तर आणखी कमी. म्हणून एचआरला एकच प्रश्न विचारा : दर महिन्याला खात्यात किती जमा होतील? "प्रोफेशनल फी" म्हणून देणार असतील तर पीएफ नाही आणि वर्षाची रक्कम ठरलेल्या मर्यादेपुढे गेली की १० टक्के टीडीएस कापला जातो. तो रिटर्न भरून परत मिळवता येतो, पण महिन्याचा हिशेब त्याने बिघडतो.

बॉण्ड असेल तर वाचल्याशिवाय सही नको. "असले बॉण्ड कोर्टात टिकत नाहीत" हे कॅन्टीनमधलं ज्ञान आहे. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख भरायची अट वैध ठरवली. वर्षं आणि रक्कम कमी करून मागता येतात, सही करण्याआधी. मूळ मार्क्सकार्ड आणि डिग्री कुणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवा, प्रत द्या, परत घ्या.

काही जागांवर घासाघीस करायची नसतेच. हायकोर्टातल्या लॉ क्लार्कची किंवा विधी सेवा प्राधिकरणातल्या स्वयंसेवकांची रक्कम ठरलेली असते. तिथे वेळ घालवू नका.

पैसे थकले तर

एक तारीख गेली, दहा गेली. पहिल्या वेळी तोंडी आठवण करा, तीही कामाच्या बोलण्याला जोडून : "सर, कालचे दोन अहवाल तयार आहेत. आणि गेल्या महिन्याचं राहिलंय." दुसऱ्या महिन्यालाही तसंच झालं तर मेसेज करा, त्यात रक्कम आणि महिना लिहा. तिसऱ्या महिन्याची वाट बघू नका. सोडताना हातातल्या फाइलींची यादी करा, प्रत्येकीपुढे पुढची तारीख आणि राहिलेलं काम लिहा, आणि यादीच्या दुसऱ्या प्रतीवर कारकुनाची सही घ्या. पक्षकाराचं नुकसान होता कामा नये. आणि तारीख चुकल्याचं खापर तुमच्या माथी फुटणार नाही, हेही त्यात आलं.

सनद आल्यावर

पदवी झाली की पगाराचं बोलणं पुन्हा काढायचं असतं, आणि ते बरेचजण विसरतात. नोंदणीच्या फीपासून सुरू करा. सुप्रीम कोर्टाच्या ३० जुलै २०२४ च्या निकालाने राज्य बार कौन्सिलना खुल्या प्रवर्गाकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातीकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त नोंदणी फी घेता येत नाही. ही फी ऑफिसने भरावी अशी विनंती करायला हरकत नाही. पुष्कळ सीनियर आनंदाने भरतात. कर्नाटकात नोंदणी करायची की महाराष्ट्र-गोव्यात, हा निर्णय रोज कुठल्या कोर्टात उभं राहणार त्यावरून घ्या. प्रॅक्टिस दोन्हीकडून देशभर करता येते, पण कल्याण निधीच्या योजना ज्या त्या बार कौन्सिलच्या असतात.

मग सीनियरसमोर बसा. आता तुम्ही मुदत मागू शकता, हजर राहू शकता, पुढे उलटतपासही घेऊ शकता. म्हणजे ज्या दिवशी दोन कोर्टात एकाच वेळी पुकारा होतो त्या दिवशी ऑफिसचा एक माणूस वाढला. अशा दिवसांच्या तारखा डायरीतून काढून न्या आणि त्या बघत बघतच नवा आकडा सांगा. सोबत नेमणुकीचं पत्र मागा. त्यावर सुरुवातीची तारीख बरोबर पडली आहे का ते तिथेच वाचून घ्या.